खिशातलं पिस्तूल : तेल कमी, नजर जास्त

प्रश्न : माझ्याकडे परवान्याचं .३२ बोअरचं छोटं पिस्तूल आहे. कामानिमित्त रोकड जवळ असते, म्हणून ते भरलेल्या अवस्थेत पँटच्या उजव्या खिशात ठेवतो. कव्हर वगैरे वापरत नाही, खिशात जाडजूड दिसतं. हत्यार स्वच्छ राहावं म्हणून दर रविवारी न चुकता भरपूर तेल सोडतो. रात्री चेंबरमधलं (नळीच्या मागच्या घरातलं) काडतूस काढून ठेवतो, सकाळी तेच परत चढवतो. पाच महिन्यांनी परवा नेमबाजीच्या रेंजवर गेलो, तर पहिल्याच राउंडला नुसतं 'टक्' झालं. तो काढून पुढचे दोन झाडले, ते गेले. चौथ्याला स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, पूर्ण पुढे आलीच नाही, अंगठ्याने ढकलावी लागली. घरी येऊन उघडलं तर आत काळपट लगदा. इतकं तेल घालूनही असं का व्हावं? कुठलं तेल वापरू, किती दिवसांनी साफ करू? आमचे मेहुणे म्हणतात, पिस्तूल विकून रिव्हॉल्व्हर घे, त्याला काही लागत नाही. खरं का? (नाव छापू नये.)

उत्तर : तेल घालूनही नव्हे, तेल घातल्यामुळेच.

तो लगदा बोटांत चोळून पाहिला असतात तर त्यात बारुदाची काजळी जेमतेम सापडली असती. पाच महिने गोळीच झाडली नाही, तर काजळी येणार कुठून? खिशाचं कापड घासून सुटलेली लव, धूळ, खिशात राहून धुतला गेलेला एखादा कागद, शिवणीच्या कोपऱ्यात बसलेला भुगा, आणि या सगळ्याला धरून ठेवणारं तुमचं रविवारचं तेल, असा तो ऐवज आहे. कोरड्या धातूवरची लव फुंकरीने उडते. तेलावर बसली की तेल पिते, फुगते आणि जाम बसते. तुम्ही दर आठवड्याला त्यावर आणखी तेल सोडलंत, म्हणजे लगद्याला खुराकच दिलात.

कपाटातली बंदूक वापरली की मळते. खिशातलं पिस्तूल न वापरताच मळतं. 'गोळी झाडली की साफ करा' हा जुना नियम म्हणूनच तुम्हाला पुरत नाही. तुम्ही पाच महिन्यांत एकही राउंड झाडला नाहीत, पण रोज कितीतरी तास ते हत्यार लव आणि घाम यांच्या संगतीत होतं.

त्यात छोट्या पिस्तुलाची अडचण अशी की त्याला चूक पचवायला जागा नसते. पोलिस-लष्कराच्या मोठ्या सर्व्हिस पिस्तुलाची स्लाइड जड असते, मागेपुढे धावायला तिला अंतर भरपूर मिळतं. मध्ये थोडी घाण आली तरी ती रेटून नेते. छोट्याची स्लाइड हलकी, धाव आखूड, स्प्रिंग आखूड आणि कडक. .३२ ची बरीच पिस्तुलं तर साध्या ब्लोबॅकवर चालतात. म्हणजे नळी आणि स्लाइड यांना एकमेकींत अडकवणारं कुलूप त्यांत नसतं. गोळी नळीतून निघून जाईपर्यंत स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच काम भागतं. असं यंत्र घट्ट मोजमापावर बेतलेलं असतं. पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली तांदळाच्या कणीएवढी लव दाटली तरी तो काडतुसाच्या कडेवर चढत नाही, आणि स्लाइड दोन मिलिमीटर आधीच थांबते. तुमचा चौथा राउंड बहुधा असाच अडला.

आणि हो, पुढे न आलेली स्लाइड अंगठ्याने ढकलणं बंद करा. रेंजवर असं झालं की नळी लक्ष्याकडेच ठेवून मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढा, स्लाइड मागे ओढून तो राउंड बाहेर टाका आणि स्लाइड का अडली ते बघा. काडतूस वाकडं बसलेलं असेल, किंवा चेंबरमध्ये काही असेल, तर ढकलून तुम्ही ते आणखी आत ठोकता.

आता 'टक्'. न उडालेलं ते काडतूस तुम्ही फेकलं नसेल अशी आशा आहे, कारण साक्षीदार तेच आहे. त्याच्या बुडाची टोपी, म्हणजे प्रायमर, उजेडात धरून बघा. त्यावर उडालेल्या पुंगळीइतकाच खोल खड्डा असेल, तर पिस्तुलाने आपलं काम केलं, दोष काडतुसाचा. तेलात राहून प्रायमर निकामी झालेला असणं शक्य आहे. खड्डा उथळ, नुसता ठिपका असेल, तर फायरिंग पिन, म्हणजे प्रायमरवर टोचणारी सुई, पोचली पण तिच्यात जोर नव्हता. तिच्या भोकात तेल आणि लव साचली की असंच होतं. पिन घट्ट रबडीतून पोहत पुढे येते. एक तिसरंही कारण असतं : स्लाइड केसभर मागे राहिलेली असली की पिनवर आदळणाऱ्या हॅमरचा निम्मा जोर स्लाइड पुढे ढकलण्यातच जातो. तुमच्या बाबतीत चौथ्या राउंडचं वर्तन बघता हे अगदी संभवतं. आणि खड्डाच नसेल, तर पिन तुटली आहे किंवा चापाच्या यंत्रणेत काही बिघडलंय. ते पिस्तूल आर्मररकडे, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे, जाऊन येईपर्यंत वापरू नका.

रेंजवर 'टक्' झालं की लगेच स्लाइड ओढायची नसते. नळी लक्ष्याकडे धरून किमान ३० सेकंद थांबायचं. क्वचित काडतूस उशिराने पेटतं. याहून वाईट म्हणजे नेहमीच्या धडाक्याऐवजी 'फुस्स' असा मवाळ आवाज येणं. असं झालं तर पुढचा राउंड कुठल्याही परिस्थितीत झाडू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुटते. पिस्तूल रिकामं करून, उघडून, नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहायचं. तेलाने भिजलेल्या काडतुसांत हा धोका वाढतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तुमच्या .३२ मध्ये आणखी एक खास आजार असतो, जो कितीही साफ केलं तरी जात नाही. हे काडतूस १८९९ सालचं, जॉन ब्राउनिंग या अमेरिकी बंदूक-रचनाकाराचं. त्याच्या बुडाची कड बाकीच्या अंगापेक्षा किंचित रुंद आहे. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वरचं पुढे सरकायलाच तयार होत नाही. गोळीचं टोक आखूड असेल, पोकळ टोकाच्या गोळ्यांत असतं तसं, तर मॅगझिनमध्ये पुढेमागे हलायला जागा राहते आणि हे जास्त होतं. तसं दिसलं तर साफसफाईच्या मागे लागू नका. मॅगझिन भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आहे ना हे बघा, आणि त्या पिस्तुलाला मूळ लांबीची गोल टोकाची काडतुसं मानवतात का ते रेंजवर तपासा.

आता साफसफाईकडे. तिच्या आधी रिकामं करणं येतं, आणि त्याचा क्रम बदलायचा नाही. मॅगझिन आधी बाहेर. मग स्लाइड ओढून चेंबरमधलं काडतूस बाहेर. मग डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. क्रम उलटा झाला, आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर स्लाइड परत जाताना मॅगझिनमधलं दुसरं काडतूस चेंबरमध्ये घेऊन जाते आणि माणूस समजतो की रिकामं झालं. काही पिस्तुलं उघडण्यासाठी चाप दाबावाच लागतो. तिथे ही चूक थेट भिंतीत किंवा माणसात जाते. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या, मगच कापड हातात घ्या.

किती दिवसांनी, असं विचारलंत. माझं उत्तर थोडं वेगळं आहे. पूर्ण उघडून साफ करणं महिन्यातून एकदा बास, आणि गोळी झाडली असेल तर त्याच दिवशी. मात्र नुसतं बघणं दर आठवड्याला हवं, आणि त्यात तेलाच्या बाटलीला हात लावायचा नाही. पिस्तूल रिकामं करा. विजेरीचा झोत तिरका पाडा; समोरून पाडलेल्या उजेडात लव दिसत नाही, तिरक्या उजेडात एकेक तंतू उभा राहतो. बघायच्या जागा ठरलेल्या : काडतूस बाहेर पडण्याची खिडकी, एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याचा आतला कोपरा, स्लाइडच्या मागच्या टोकाला हॅमर असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंची फट, चापामागची जागा, आणि मॅगझिनचं तोंड. सगळ्यात वरच्या काडतुसाच्या आणि मॅगझिनच्या ओठांच्या मधल्या खाचेत लव अशी बसते की जणू कुणी कोंबली आहे. लाकडी दातकोरणीने ती उचलून काढा, कोरड्या मऊ ब्रशने झटका, झालं.

फुंकायचं असेल तर आतून बाहेरच्या दिशेने. दाबाच्या हवेचा डबा घेऊन खिडकीतून आत फवारा मारणारे लोक मी पाहिले आहेत. पृष्ठभाग चकचकीत दिसतो आणि सगळी लव चापाच्या यंत्रणेत जाऊन बसते, जिथे आपला हात पोचत नाही. आधी उघडा, मग हवा मारा.

महिन्याच्या साफसफाईत पुस्तिकेत दाखवलंय तेवढंच उघडायचं : स्लाइड, नळी, आणि स्लाइडला परत पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग. त्यापुढचे पिन आणि स्क्रू आपल्यासाठी नाहीत. नळीतून चेंबरच्या बाजूने पुढे ब्रश घाला. नळी सुटी निघत असेल तर ते सोपं आहे. तोंडाकडून दांडा घालून घासला तर तोंडाची कड झिजते आणि नेम बिघडतो. ब्रश एका दमात आरपार जाऊ द्या, नळीच्या मध्येच उलटा फिरवू नका. मग काजळी विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटची एक चिंधी, थोडं थांबून कोरड्या चिंध्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत. पिस्तुलाला निकेलचा मुलामा असेल तर तांब्याचे थर काढणारं अमोनियाचं सॉल्व्हंट त्याला लावू नका. मुलाम्याखाली शिरून पापुद्रे काढतं. चेंबर, आणि मॅगझिनकडून चेंबरकडे चढणारा उतार, हे दोन्ही कोरडे ठेवायचे. चेंबरमध्ये तेल असेल तर झाडताना पितळी पुंगळी भिंतींना धरून राहत नाही, सगळा धक्का मागे स्लाइडवर येतो.

मॅगझिन विसरलं जातं, आणि बिघाड मात्र बरेचसे तिथूनच निघतात. बूड निघण्यासारखं असेल तर स्प्रिंग सांभाळून काढा, आतून कापड फिरवा, आणि कोरडंच बंद करा. मॅगझिनमध्ये तेल घालण्याचं एकही कारण मला माहीत नाही. तिथे घातलेलं तेल थेट काडतुसांवर उतरतं.

मग तेल कुठे? स्लाइड ज्या दोन खाचांवर धावते तिथे प्रत्येकी एक थेंब, नळीचा बाहेरचा भाग स्लाइडला घासतो तिथे बोटाने पुसट हात, आणि चापापासून येणारा दांडा स्लाइडला टेकतो त्या ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढं. जोडून स्लाइड दहा-पंधरा वेळा ओढा, जे बाहेर येईल ते पुसा. तासभर कापडावर ठेवून परत पुसा. हाताला ओलं लागत असेल तर अजून जास्तच आहे. फायरिंग पिनच्या भोकात तेल नाही, कधीच नाही. ती जागा वर्षातून एकदा आर्मररकडून उघडून साफ करून घ्या, आणि या खेपेला लगेच. तुमच्या पाच महिन्यांच्या रविवारांचा हिशेब बहुतेक तिथेच जमा आहे.

तेल कुठलं, यावर लोक तासन्‌तास भांडतात. मला तो वाद फुकटचा वाटतो. बंदुकांसाठी म्हणून मिळणारं कुठलंही पातळ, नावाजलेलं तेल चालेल. काय चालणार नाही हे सांगणं जास्त उपयोगाचं. स्वयंपाकाचं तेल नको, हवेने ते चिकट होऊन लाखेसारखं बसतं. जाड ग्रीस खिशातल्या पिस्तुलाला नको, लव त्यात रुतते. शिलाई मशीनच्या तेलाने सरकायचं काम होतं, पण गंजापासून राखण कमी मिळते. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवण्यासाठी १९५३ साली केलेलं मिश्रण. पिस्तूल पावसात भिजलं तर पाणी काढायला उत्तम. नंतर मात्र ते पुसून खरं तेल लावायचं. फवारा मारून तसंच खिशात टाकणं नको, कारण ते फटीतून सगळीकडे पसरतं.

लव पिस्तूल अडवते; घाम पिस्तूल खातो. घामातलं मीठ काळ्या पॉलिशच्या पोलादाला एका रात्रीत तांबूस ठिपके आणू शकतं, आणि तेही अंगाकडच्या बाजूला, जिकडे आपलं लक्ष नसतं. स्टेनलेसचं असेल तर निर्धास्त होऊ नका. स्टेनलेसला गंज उशिरा लागतो, लागत नाही असं नाही, आणि पिस्तूल स्टेनलेसचं असलं तरी स्प्रिंगा, पिन, स्क्रू, माशी आणि मॅगझिनचं टरफल बऱ्याचदा साध्या पोलादाचंच असतं. यावर उपाय सोपा आहे : तेलाचा नुसता वास लागलेलं एक सुती कापड डबीत ठेवा, रात्री खिशातून काढलं की बाहेरून एकदा पुसून घ्या. आधी कोरड्या कापडाने घाम, मग हे. पकडीच्या फळीची कड आणि तिचे स्क्रू यांच्याभोवती जरा जास्त. तिथे घाम मुरतो. फळी लाकडी असेल तर तिच्यावर तेल नको.

ठिपके आलेच तर सॅंडपेपर घेऊ नका. तेलाचा थेंब टाकून थोडा वेळ ठेवा आणि जाड सुती कापडाने चोळा. वरवरचा गंज एवढ्यात निघतो. खड्डा पडला असेल तर तो राहणारच, पण पुढे वाढू न देणं आपल्या हातात असतं.

कव्हर वापरत नाही असं तुम्ही लिहिलंत, त्यावर मात्र मी मवाळ बोलणार नाही. भरलेलं पिस्तूल, चेंबरमध्ये राउंड, आणि उघडा चाप मोकळ्या खिशात. त्याच खिशात किल्ली किंवा पेन गेलं तर काय होईल याची कल्पना करा. ही बाब स्वच्छतेच्या फार आधी येते. चाप पूर्ण झाकणारं खिशाचं होल्स्टर घ्या, त्या मॉडेलच्या मापाचं, आणि त्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही, सुपारीसुद्धा नाही. पिस्तूल बाहेर काढलं की होल्स्टर खिशातच राहिलं पाहिजे. बाहेरून खरखरीत असलेली होल्स्टरं याचसाठी. असं होल्स्टर आलं की तुमची निम्मी लव आपोआप कमी होईल, कारण कापडाची घासाघीस होल्स्टरच्या बाहेर राहते. जाड दिसायचं म्हणाल, तर होल्स्टरने उलट पिस्तुलाचा आकार खिशावर उमटत नाही.

होल्स्टरच्या तळाशी मात्र भुगा साचतो, आणि तो पिस्तुलाच्या नळीच्या तोंडापाशीच. दर आठवड्याला ते उलटं करून आपटा. खिसाही बाहेर काढून झटका, धुतल्यावर हमखास. चामड्याचं होल्स्टर दिवसा ठीक, रात्री पिस्तूल त्यात ठेवायचं नाही. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेले क्षार त्यात असतात, आणि पितळी काडतुसांवर हिरवट लेप चढतो. रात्रीची जागा कुलपातली, कोरडी, मुलांच्या हाताला न लागणारी. सोबत सिलिका जेलची पुडी टाका.

खिशात आणखी दोन गोष्टी गुपचूप घडतात. बसता-उठता मॅगझिनचं बटण दाबलं जाऊन मॅगझिन अर्ध्या सुताने खाली सरकतं. बाहेरून काही कळत नाही, पण दुसरा राउंड वर येत नाही. आणि सेफ्टीची कळ ढिली असेल तर आपण होऊन खाली जाते. सकाळी पिस्तूल ठेवताना मॅगझिन तळहाताने वर दाबून पाहण्याची आणि रात्री काढताना सेफ्टी कुठे आहे हे बघण्याची सवय लावा. बोट चापाबाहेर, हे सांगायला नको.

आता त्या एका काडतुसाबद्दल, जे तुम्ही रोज रात्री काढता आणि सकाळी परत चढवता. ते पहिलं बाजूला काढा. स्लाइड सोडली की प्रत्येक वेळी गोळीचं टोक उतारावर आपटतं आणि गोळी पुंगळीत थोडीथोडी आत ढकलली जाते. आतली जागा कमी झाली की बारूद पेटल्यावर दाब वाढतो, आणि फार आत गेली असेल तर धोकादायक वाढतो. त्याच डब्यातलं नवं काडतूस त्याच्या शेजारी टेबलावर उभं करा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून बघा. बुटकं दिसलं तर ते झाडायचं नाही, नव्याने भरायचं नाही. दुकानदाराकडे किंवा रेंजवर नष्ट करायला द्या. यापुढे चेंबर शक्यतो रोज रिकामं-भरलं करू नका. करावंच लागत असेल तर काडतुसांची पाळी बदलत राहा. आणि चेंबरमध्ये हाताने काडतूस टाकून वर स्लाइड आदळू देऊ नका. बऱ्याच पिस्तुलांत काडतुसाची कड खालून सरकत एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यामागे यावी अशी रचना असते, आकडा असा कडेवर आपटून तुटू शकतो. नेहमी मॅगझिनमधूनच चढवा.

सध्या भरलेली बाकीची काडतुसंही तेलात राहिली आहेत. ती कोरडी पुसून सरावाला वापरा, वरचा 'फुस्स'चा इशारा लक्षात ठेवून, आणि जवळ बाळगायला नवा डबा उघडा. पुढेही हीच पद्धत ठेवा : रेंजवर गेलं की आधी खिशातलीच झाडायची, येताना नवी भरायची. त्यामुळे खिशातल्या अवस्थेत पिस्तूल चालतं का, याची परीक्षाही होते. घरून चकाचक करून नेलेलं पिस्तूल रेंजवर चाललं, यातून तुम्हाला फारसं काही कळत नाही.

मेहुण्यांच्या रिव्हॉल्व्हरकडे येतो. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये एक राउंड न उडाला तर चाप परत ओढला की पुढचा समोर येतो. मॅगझिन नाही, स्लाइड नाही, काडतुसाच्या कडांचं भांडण नाही. लव सोसण्याची त्याची ताकद एकंदर जास्त. पण 'काही लागत नाही' हे चूक. काडतुसं बसतात त्या फिरत्या सिलिंडरमधून पुंगळ्या बाहेर ढकलणारी चांदणी असते, तिच्याखाली न जळलेल्या बारुदाचा एक कण बसला तरी सिलिंडर बंद होत नाही किंवा फिरताना अडतो. म्हणून पुंगळ्या काढताना नळी वर करून झटक्यात दांडा दाबायचा, म्हणजे कण खाली पडून जातात. तो दांडा हळूहळू आट्यांतून सुटतो आणि मग सिलिंडर उघडतच नाही. साफ करताना बोटांनी घट्ट आहे ना बघायचं. हॅमर उघडा असेल तर त्याच्या फटीतून लव थेट आत जाते, आणि खिशातून काढताना हॅमर कापडात अडकतो. याच कारणाने खिशातल्या हत्यारांचा हॅमर झाकण्याची रीत पडली : कोल्टच्या १९०३ च्या पॉकेट मॉडेलमध्ये तो स्लाइडखाली लपवला, स्मिथ अँड वेसनने १९५२ च्या सेंटेनिअल रिव्हॉल्व्हरमध्ये चौकटीच्या आत घेतला. रिव्हॉल्व्हर घ्यायचंच असेल तर असं, झाकलेल्या हॅमरचं बघा. आणि सिनेमात करतात तसं मनगटाच्या हिसक्याने सिलिंडर बंद करू नका. त्याचा आस वाकतो. मात्र रिव्हॉल्व्हर मधोमध जाड असतं, चाप जड असतो, आणि बिघडलंच तर जागेवर सुटत नाही. तुमची तक्रार तेलाची आहे. ती सुटली की नाही हे बघण्याआधी हत्यार विकायची घाई मी करणार नाही.

साफ करताना हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि ते काम जेवणाच्या टेबलावर करू नका. काजळीत शिसं असतं. नंतर हात साबणाने धुवायचे, मगच चहाचा कप.

तर या आठवड्यात आर्मररकडे जा. फायरिंग पिनची वाट साफ करून घ्या, आणि रिकॉइल स्प्रिंग बदलायची वेळ झाली का ते त्यालाच बघू द्या. छोट्या पिस्तुलाच्या स्प्रिंगा मोठ्यांपेक्षा लवकर थकतात. कंपनीच्या पुस्तिकेत किती राउंडनंतर बदलायची ते दिलेलं असतं. मॅगझिनची स्प्रिंग भरून ठेवल्याने बसते अशी समजूत आहे. खरं तर चांगली स्प्रिंग दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही, परत परत दबण्या-सुटण्याने थकते. मग नव्या काडतुसांच्या डब्यानिशी रेंजवर जा आणि मनगट घट्ट ठेवून झाडा. हात सैल पडला की पिस्तूलच मागे जातं, स्लाइडला पूर्ण धाव मिळत नाही, आणि दोष बिचाऱ्या हत्याराच्या माथी येतो. स्लाइड तरीही अडली, तर ती कुठे थांबली त्याचा फोनवर फोटो काढा, ते काडतूस वेगळ्या पुडीत ठेवा आणि दोन्ही आर्मररला दाखवा. 'कधी कधी अडकतं' एवढ्या वर्णनावरून त्याला काही करता येत नाही.